बडोद्याची राजकन्या जुगाराच्या टेबलावर हिरे-माणकं जडवलेलं जिवंत कासव घेऊन बसायची

शुक्रवारी रात्री पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर उभं राहिलात, तर गोव्याकडं वळणाऱ्या गाड्यांची रांग संपता संपत नाही. राष्ट्रीय महामार्ग 66 पनवेलपासून सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीला जाऊन थांबतो. पण या गाड्यांमधल्या बहुतेकांचं कन्याकुमारीशी काही देणंघेणं नसतं. कुणाला समुद्र हवा असतो, कुणाला मासे, आणि काहींना पणजीत मांडवीच्या पात्रात रात्रभर लखलखणाऱ्या कॅसिनोच्या बोटी.

बोटींसाठी एवढा घाट उतरून जायचं कारण सोपं आहे. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. 1976 साली त्यासाठी कायदा झाला होता, पण तो कधी अंमलात आला नाही, आणि 2023 साली सरकारनं तो रद्दच करून टाकला. त्यामुळं हौस असेल तर हद्द ओलांडायची.

खिसा जड असेल तर लोक आणखी पुढं जातात. अमेरिकेच्या टूरमध्ये एक-दोन रात्री लास वेगासच्या असतातच. वाळवंटात मधोमध उभं केलेलं शहर, नकली आयफेल टॉवर, नाचणारी कारंजी आणि ज्यात घड्याळ दिसणार नाही असे जुगाराचे हॉल. परत आल्यावर सहा महिने पुरतील एवढे रील्स होतात.

पण ही हौस काही आजची नाही. अजून लास वेगासमध्ये जुगाराला कायदेशीर परवानगी पण मिळाली नव्हती, तेव्हाच मराठ्यांच्या घराण्यातली एक बाई युरोपातल्या कॅसिनोमध्ये टेबलावर बसायची. अंगावर शिफॉनची साडी, बोटांत सिगारेटचं लांब होल्डर, पुढ्यात चिप्सचा ढीग. आणि शेजारी, शुभशकुन म्हणून, एक छोटं जिवंत कासव. कासवाच्या पाठीवर पाचू, हिरे आणि माणकांच्या तीन ओळी.

अधूनमधून कासव टेबलावरून चालायला लागायचं. बाई शांतपणे त्याला धरून पुन्हा जागेवर ठेवायच्या. आजूबाजूची गर्दी पत्ते बघायची सोडून त्यांनाच बघत बसायची.

या बाई म्हणजे इंदिराराजे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची एकुलती एक मुलगी, कूचबिहारची महाराणी आणि जयपूरच्या गायत्रीदेवींची आई. गायत्रीदेवींच्या आत्मचरित्रामुळं हा कासवाचा किस्सा जगभर पोचला. किस्सा भारी आहेच. पण इंदिराराजेंनी आयुष्यात जे खरे डाव लावले, त्यातला एकही कॅसिनोच्या टेबलावर नव्हता.

सुरुवात बडोद्यापासून.

19 फेब्रुवारी 1892 ला इंदिराराजेंचा जन्म झाला. दोनच वर्षं आधी लक्ष्मीविलास राजवाडा बांधून पूर्ण झाला होता. वडील सयाजीराव मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. शेतकरी घरातला गोपाळ नावाचा पोरगा 1875 साली दत्तक जातो आणि 21 तोफांची सलामी असलेल्या संस्थानाचा महाराज होतो, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. पुढं याच राजानं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, विधवाविवाहाचा कायदा केला, बालविवाहाविरुद्ध कायदा केला.

आई चिमणाबाई पण तशाच. 1911 साली त्यांचं भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक आलं. बायकांनी घराबाहेर पडून कुठली कुठली कामं करावीत, हा त्याचा विषय.

मुलीलाही त्यांनी तसंच वाढवलं. इंदिराराजे बडोदा कॉलेजात शिकल्या, इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नच्या शाळेत राहिल्या, आईबापांबरोबर युरोप फिरल्या. चार भाऊ आणि ही एकटी मुलगी. लाड भरपूर, हट्ट त्याहून जास्त.

आणि मग या सुधारक आईबापांनी मुलीचं लग्न ठरवलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदेंशी.

माधवराव म्हणजे आत्ताच्या ज्योतिरादित्य शिंदेंचे पणजोबा. राज्य मोठं, घराणं मराठा, सलामी 21 तोफांची. कागदावर याच्यापेक्षा चांगलं स्थळ भारतात मिळालं नसतं. फक्त दोन गोष्टी होत्या. एक, माधवराव इंदिराराजेंपेक्षा सुमारे 15 वर्षांनी मोठे होते. दुसरी, त्यांचं एक लग्न आधीच झालेलं होतं आणि वारस नसल्यामुळं ते दुसरं करत होते. वर ग्वाल्हेरचा जनाना जुन्या वळणाचा, पडद्याचा.

म्हणजे ज्या साली आईनं स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक काढलं, त्याच साली मुलगी सवतीवर पडद्यात जायच्या तयारीला लागली होती. सुधारकांच्या घरात असं होतं. कायदे रयतेसाठी करता येतात, पण मुलीचं लग्न आलं की घराणं आणि तोफा मोजल्या जातात.

डिसेंबर 1911. दिल्लीत पाचव्या जॉर्जचा दरबार भरला होता. देशभरातले राजे-महाराजे तंबू ठोकून दिल्लीत राहिले होते. 12 डिसेंबरला एकेक महाराज बादशहापुढं जाऊन मुजरा करत होता. सयाजीरावांनी एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून चालू लागले. नियम होता पाठ न दाखवता मागं सरकायचा. इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी रान उठवलं. राजद्रोह, अपमान, सगळे शब्द वापरून झाले. सयाजीरावांना खुलासा करून माफीचं पत्र द्यावं लागलं.

बाहेर हे चालू असताना त्यांच्या घरात दुसराच दरबार भरला होता.

ईस्टबोर्नच्या शाळेत इंदिराराजेंच्या मैत्रिणी होत्या कूचबिहारच्या राजकन्या. दिल्लीत त्यांच्या तंबूत जाणं-येणं सुरू झालं आणि तिथं भेटला त्यांचा भाऊ जितेंद्र नारायण. पंचविशीतला, देखणा, गप्पिष्ट. गादीवर मोठा भाऊ होता, त्यामुळं हा बिनजबाबदारीचा धाकटा राजपुत्र. इंदिराराजे 19 वर्षांच्या होत्या.

दरबार संपला. बडोद्यात लग्नाची तयारी चालू होती. आणि एक दिवस ग्वाल्हेरहून सयाजीरावांच्या नावानं तार आली. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, असं त्यात विचारलं होतं.

कुठलं पत्र, कसलं पत्र, घरात कुणालाच माहीत नव्हतं.

इंदिराराजेंनी आईबापांना न विचारता थेट माधवरावांनाच पत्र लिहून कळवलं होतं की मला हे लग्न करायचं नाही.

आज यात काही वाटणार नाही. पण 1911 साली दोन मराठा संस्थानांमधलं लग्न म्हणजे जवळजवळ तह असायचा. आमंत्रणं, आहेर, मानपान, सगळं त्या हिशोबानं चाललेलं. आणि तो तह एका 19 वर्षांच्या मुलीनं पोस्टाच्या एका पाकिटात घालून मोडला. बाप आधीच इंग्रजांच्या डोळ्यावर आलेला. त्यात हे.

माधवरावांनी पुढं गजराराजेंशी लग्न केलं आणि 1916 साली त्यांना जिवाजीराव झाले. म्हणजे ते पत्र गेलं नसतं, तर आजच्या शिंदे घराण्याची वंशावळच वेगळी झाली असती.

आता तुम्हाला वाटेल, ग्वाल्हेर मोडलं म्हटल्यावर जितेंद्रशी लावून दिलं असेल. अजिबात नाही.

सयाजीराव आणि चिमणाबाईंच्या लेखी कूचबिहार म्हणजे नकोच ते. एक तर मराठा नाहीत. दुसरं, संस्थान उत्तर बंगालच्या टोकाला, सलामी 13 तोफांची. तिसरं, घराणं ब्राह्मो समाजाचं. आणि चौथं, त्यांचं राहणीमान फारच साहेबी, पार्ट्या आणि शॅम्पेनचं.

यात एक गंमत आहे. जितेंद्रची आई सुनीतीदेवी ही केशवचंद्र सेनांची मुलगी. केशवचंद्र म्हणजे ब्राह्मो समाजाचे मोठे पुढारी, मुलींच्या लग्नाचं वय 14 असावं म्हणून झगडलेले. पण 1878 साली त्यांनी स्वतःच्या मुलीचं लग्न 14 पूर्ण व्हायच्या आधीच कूचबिहारच्या राजाशी लावलं. अनुयायी एवढे चिडले की ब्राह्मो समाज फुटला आणि साधारण ब्राह्मो समाज वेगळा निघाला. मुलीच्या लग्नात सुधारक बाप अडकतो, याचा अनुभव कूचबिहारच्या राजवाड्याला बडोद्याच्या आधीच आला होता.

पुढची सुमारे दोन वर्षं इंदिराराजे आणि जितेंद्र लपूनछपून पत्रं लिहायचे, मुंबईत किंवा लंडनमध्ये कुणाच्या तरी ओळखीनं भेटायचे. गायकवाडांनी जितेंद्रला समोर बोलावून मुलीचा नाद सोडायला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. शेवटी आईबाप थकले आणि त्यांनी इंदिराराजेंना जायची वाट मोकळी केली. पण लग्नाला आम्ही येणार नाही, हे पक्कं.

1913 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये लग्न झालं. ज्या मुलीच्या लग्नाला बडोद्यात हत्ती झुलले असते, तिच्या लग्नाला माहेरचं जवळपास कुणी नव्हतं.

आणि इथं पहिला डाव फिरला.

लग्नानंतर काही दिवसांतच, 1 सप्टेंबर 1913 ला, जितेंद्रचे थोरले भाऊ महाराज राजेंद्र नारायण वारले. आवडत्या नटीशी लग्न करू दिलं नाही म्हणून त्यांनी दारूत स्वतःला संपवलं, असं सांगतात. धाकट्या, बिनगादीच्या राजपुत्राशी लग्न केलेली इंदिराराजे एकाएकी महाराणी झाल्या.

पुढची नऊ वर्षं कूचबिहारच्या राजवाड्यात, कोलकात्यात, दार्जिलिंगमध्ये आणि लंडनमध्ये गेली. पाच मुलं झाली. इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, आयेशा आणि मेनका. यातली आयेशा म्हणजे 1919 साली लंडनमध्ये जन्मलेल्या गायत्रीदेवी.

पण थोरल्या भावाचा रोग धाकट्यालाही होता. जितेंद्र नारायणांची दारू सुटली नाही. 20 डिसेंबर 1922 ला लंडनमध्ये ते वारले. त्या दिवशी त्यांचा 36 वा वाढदिवस होता.

इंदिराराजे तिशीत होत्या. पदरी पाच मुलं, सगळ्यात धाकटी दोन वर्षांची. गादीवर सात वर्षांचा मुलगा. नवऱ्याच्या अस्थी घेऊन त्या बोटीनं भारतात परतल्या. तोपर्यंत माहेरचा राग निवळला होता आणि बडोद्याचे दरवाजे मुलांसाठी उघडले होते. पण दारूनं माहेरही सोडलं नव्हतं. 1919 साली एक भाऊ गेला होता, 1923 साली दुसरा गेला.

विधवा झालेल्या राणीनं काय करायचं, हे तेव्हा ठरलेलं असायचं. पांढरं नेसायचं, मागच्या महालात जायचं, आणि कारभार दिवाण व इंग्रज रेसिडेंट बघणार.

इंदिराराजेंनी यातली फक्त एक गोष्ट केली. पांढरं नेसल्या. तेही आपल्या पद्धतीनं.

जाड सुती पांढरं लुगडं त्यांना मानवणारं नव्हतं. त्यांनी फ्रान्समधून साडीच्या पन्ह्याचं शिफॉन विणून घेतलं. पांढरीच साडी, पण झुळझुळीत. बघता बघता बाकीच्या राण्यांनी ती उचलली, तिथून सिनेमातल्या नट्यांनी. हिंदी सिनेमात बर्फात नाचणारी हिरोईन ज्या शिफॉनमध्ये असते, त्याची सुरुवात एका विधवेच्या पांढऱ्या साडीपाशी जाते असं म्हटलं जातं. फॅशनच्या गोष्टींत शोधाचं श्रेय थोडं वाढवूनच दिलं जातं, पण शिफॉनच्या साडीला मान मिळवून देण्यात इंदिराराजेंचा वाटा मोठा होता, यावर सहसा दुमत नसतं.

बुटांचं पण तसंच. इटलीतल्या फ्लॉरेन्सचा साल्वातोरे फेरागामो तेव्हा जगातला सगळ्यात नावाजलेला चांभार. त्याच्याकडं इंदिराराजेंनी शंभराहून जास्त जोडांची ऑर्डर दिली. त्यातल्या काहींवर बसवायला हिरे आणि मोती त्यांनी स्वतःच्या खजिन्यातून पाठवले, कारण रंगाला जुळणारे खडे आपल्याकडं आहेत हे त्यांना माहीत होतं. स्वयंपाकाची पण अशीच तऱ्हा. लझान्या नेमका कसा लागला पाहिजे हे कळावं म्हणून त्यांनी आपल्या आचाऱ्याला रोमच्या एका प्रसिद्ध हॉटेलात नेऊन जेवू घातलं होतं.

आणि आता ते कासव.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, इंग्लंडच्या समोर, ले तुके नावाचं गाव आहे. लास वेगास वाळवंटात उभं राहिलं, तसं हे गाव वाळूच्या टेकड्यांवर. 1837 साली एका फ्रेंच माणसानं ही पडीक वाळू विकत घेतली आणि तिच्यावर पाईनची झाडं लावली. झाडांनी वाळू धरून ठेवली. मग बंगले आले, गोल्फचं मैदान आलं, हॉटेलं आली आणि कॅसिनो आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज उद्योजकानं खास इंग्रज श्रीमंतांना डोळ्यापुढं ठेवून या गावाचा विस्तार केला.

इंग्रजच का? कारण इंग्लंडमध्ये कॅसिनोला बंदी होती. ती 1960 पर्यंत उठली नाही. फ्रान्सनं मात्र 1907 च्या कायद्यानं समुद्रकाठच्या आणि गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांना कॅसिनोची मुभा दिली होती. त्यामुळं लंडनचे पैसेवाले सकाळी आगगाडी धरायचे, बोटीनं खाडी ओलांडायचे आणि संध्याकाळी ले तुकेत टेबलावर बसायचे. पळस्पे फाट्यावर शुक्रवारी रात्री जे दिसतं, तेच. फक्त त्यांच्या मधे घाट नव्हता, समुद्र होता.

जुगार चालायचा तो मुख्यतः शमां द फेरचा. फ्रेंचमध्ये याचा अर्थ रेल्वे. खेळ दिसायला फार सोपा आहे. दोन किंवा तीन पत्त्यांची बेरीज नऊच्या जितकी जवळ तितकं चांगलं. चित्रं आणि दश्शी म्हणजे शून्य. बेरीज दहाच्या वर गेली तर दशकाचा आकडा सोडून द्यायचा, म्हणजे सात आणि आठ मिळून पंधरा नव्हे, पाच. खेळाडूंपैकीच एकजण बँक घेतो, बाकीचे त्याच्याविरुद्ध पैसे लावतात, आणि बँक टेबलभर फिरत राहते. त्यात डोकं फारसं चालत नाही, छाती चालते. कॅसिनो स्वतः खेळतच नाही. बँकेनं जिंकलेल्या रकमेतून तो आपले पाच टक्के काढून घेतो. टेबलावर कुणीही हरो, घर कधीच हरत नाही.

अशा टेबलावर 1920 आणि 30 च्या दशकांत युरोपातले सरदार, कारखानदार, नट, हद्दपार झालेले राजपुत्र बसायचे. त्यांच्यात पांढऱ्या शिफॉनमधली एक मराठी बाई. लंडनच्या उमरावांना हिंदुस्थानची राणी म्हटल्यावर डोळ्यापुढं यायचा तो पडदा आणि पालखी. इथं ती त्यांच्याच शेजारी बसून त्यांच्याविरुद्ध पैसे लावत होती, आणि तेही कासवाशी खेळत.

लास वेगास तेव्हा कुठं होतं? 1930 साली त्या गावात जेमतेम पाच हजार लोक राहायचे. नेवाडा राज्यानं जुगाराला परवानगी दिली 1931 साली, आणि वेगासला चमकवणारं फ्लेमिंगो हॉटेल उघडायला 1946 उजाडावं लागलं. म्हणजे कॅसिनोचा झगमगाट हा प्रकार इंदिराराजेंसाठी तोपर्यंत जुना झाला होता.

मुलं पण बरोबर असायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई रात्री टेबलावर, मुलं दिवसा समुद्रावर. शिकारीच्या हंगामात हीच मंडळी इंग्लंडच्या खेड्यात घोडे घेऊन जायची. नंतर कूचबिहारला परत यायची, तर तिथं हत्ती, वाघांची शिकार आणि जगभरचे पाहुणे. यातलं सगळं स्वस्तात होत नव्हतं.

इथं मात्र थोडं थांबायला पाहिजे.

हे पैसे कुठून येत होते? कूचबिहार हे काही बडोदा नव्हतं. सुमारे 1,300 चौरस मैलांचं, भात आणि तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं संस्थान. लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास. रयतेच्या शेतसाऱ्यावर चालणारी तिजोरी आणि तिची रखवालदार असलेली राणी वर्षातले कितीतरी महिने परदेशात. इंग्रज अधिकारी तिच्या लांबलेल्या मुक्कामांवर आणि खर्चावर नाराज होते, आणि परत येऊन कारभार बघा असा तगादा लावायचे. इंग्रजांचे हेतू काही स्वच्छ नव्हते. पण प्रश्न चुकीचा होता असं म्हणता येत नाही. ज्या बापानं संस्थानातल्या पैशावर गावोगाव शाळा आणि वाचनालयं काढली, त्याच बापाच्या मुलीच्या कासवाच्या पाठीवरचे पाचू बघताना हा हिशोब आठवतोच.

दुसरी बाजू पण खरी आहे. 1922 ते 1936 अशी सुमारे चौदा वर्षं इंदिराराजेंनी मुलाची गादी सांभाळली. विधवा राण्यांना बाजूला सारून संस्थान दिवाणांच्या हाती जाण्याचे प्रकार तेव्हा कमी नव्हते. या बाई पडद्यात गेल्या नाहीत, कौन्सिलच्या बैठकांना स्वतः बसल्या, आणि 1936 साली जगद्दीपेंद्र सज्ञान झाल्यावर राज्य त्याच्या ताब्यात दिलं. त्या काळात एका मराठी मुलीनं उत्तर बंगालमधलं संस्थान चालवलं, ही गोष्ट कासवामुळं झाकली गेली.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड डाव मात्र अजून यायचा होता.

जयपूरचे महाराज मानसिंह कूचबिहारच्या घरी येत असत. पोलोचे नामांकित खेळाडू, इंदिराराजेंच्या ओळखीतले. आयेशा लहान असल्यापासून त्यांच्यावर भाळलेली. ती मोठी झाली आणि मानसिंहांनी तिला मागणी घातली.

मानसिंहांची दोन लग्नं आधीच झालेली होती. दोन्ही राण्या जोधपूरच्या, जयपूरच्या जनान्यात राहणाऱ्या. आयेशा गेली असती तर तिसरी.

आणि इंदिराराजे नाही म्हणाल्या.

विचार करा. जी मुलगी दुसरी राणी व्हायचं नाकारून, आईबापांना डावलून, लंडनला जाऊन लग्न करून आली होती, तिच्याच पोटची मुलगी आता राजीखुशीनं तिसरी राणी व्हायला निघाली होती. आई नको म्हणत होती आणि मुलगी ऐकत नव्हती. 1911 साली सयाजीराव ज्या खुर्चीत बसले होते, त्या खुर्चीत आता इंदिराराजे होत्या. फरक एवढाच की आईनं त्या वेळी पडदा नाकारला होता, आणि मुलगी त्याच पडद्याच्या दिशेनं चालली होती.

त्यांनी थांबायला लावलं, वेळ काढला, वय होऊ दे म्हटलं. मुलगी आणि मानसिंह लंडनमध्ये चोरून भेटत राहिले, अगदी पहिल्या वेळेसारखंच. मधल्या काळात, फेब्रुवारी 1939 मध्ये, सयाजीराव वारले. शेवटी इंदिराराजेंनीच माघार घेतली.

पण त्या एका बाबतीत आपल्या आईबापांसारखं वागल्या नाहीत. 9 मे 1940 ला आयेशाचं लग्न कूचबिहारच्या राजवाड्यात झालं, वाजतगाजत झालं, आणि आई तिथं हजर होती.

आयेशाची, म्हणजे गायत्रीदेवींची, पुढची गोष्ट बहुतेकांना माहिती आहे. जयपूरमध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, 1962 साली विक्रमी मतांनी लोकसभेवर गेल्या, आणीबाणीत तिहारमध्ये बसल्या. धाकटी मेनका देवासच्या धाकट्या पातीत, म्हणजे मराठा घराण्यातच, सून म्हणून गेली. आजी चिमणाबाईंचं माहेरही देवासकडचंच.

बाकीच्या मुलांच्या वाट्याला एवढं आयुष्य आलं नाही. थोरली इला 1945 साली अन्नातून विषबाधा होऊन गेली. धाकटा मुलगा इंद्रजितेंद्र 1951 साली आगीत भाजून गेला. नवरा, भाऊ, मग मुलं. इंदिराराजेंच्या पार्ट्यांचे फोटो शोधले की शेकडो सापडतात. या वर्षांचे सापडत नाहीत.

1949 साली जगद्दीपेंद्र नारायणांनी कूचबिहार भारतात विलीन केलं आणि 1 जानेवारी 1950 पासून ते पश्चिम बंगालचा जिल्हा झालं. शेतसारा गेला, तोफा गेल्या, तनखे उरले. ज्या टेबलांवर इंदिराराजे बसायच्या, त्यांची गर्दी पण दुसऱ्या महायुद्धानंतर पांगली. जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या ले तुकेचं लढाईत मोठं नुकसान झालं होतं. झगमगाटाचा मुक्काम तोपर्यंत अटलांटिकच्या पलीकडं, नेवाडाच्या वाळवंटात हलला होता.

इंदिराराजे शेवटची वर्षं बरीचशी मुंबईत राहिल्या. तिथंच 6 सप्टेंबर 1968 ला, वयाच्या 76 व्या वर्षी, त्या गेल्या. दीड वर्षानं मुलगा जगद्दीपेंद्रही गेला. त्याला मूल नव्हतं.

कूचबिहारचा राजवाडा आज भारतीय पुरातत्त्व खात्याकडं आहे. विटांचा, लांबलचक, मधे मोठा घुमट असलेला. आत संग्रहालय आहे, तिकीट काढून बघता येतं, आणि भिंतींवर जुन्या महाराज-महाराण्यांचे फोटो लावलेले आहेत.